मागून येणारं दुसरं यान

माझी बायको गेल्या पोळ्याच्या आठ दिवस आधी गेली. लोक भेटायला येतात, सतरंजीवर बसतात आणि सांगतात की मोठी माउली होती, हाताला चव होती, कोणाला कधी वाकडं बोलली नाही. खोटं आहे. भाजीत मीठ तिच्या हातून कधी नेमकं पडलं नाही, आणि वाकडं तर ती माझ्याशी रोज बोलायची. मी ऐकून घेतो. दारी आलेल्या माणसाला काय म्हणणार?

पण तिनं खरं जे केलं ते कोणी सांगत नाही, कारण ते पाहिलेली माणसं आता फारशी उरलीच नाहीत. तिनं चंद्रावर एक यान पाठवलं होतं.

नात टीव्हीवर यानांची एक मालिका पाहते. मालिका संपली की मोबाइलवर कोणाकोणाशी भांडत बसते. पुढची मालिका त्या हिरव्या डॉक्टरवर निघाली पाहिजे म्हणते, समोरचा म्हणतो कप्तानाच्या मुलीवर. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबा, ते तुम्हाला नाही कळणार." मला नाही कळणार? तुझी आजी हेच करत होती, तेव्हा तुझा बाप लंगोटात होता. मी चौथी नापास माणूस आहे. चुका होतील त्या होतील. पण हे लिहून झाल्याशिवाय मी उठत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट, दोन-तीन वर्षं इकडं-तिकडं. आम्ही अकोल्यात, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या बाजूनं राहत होतो आणि दोघंही एका जिनात कामाला होतो. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. मी शाफ्टला तेल घालायचो. ती रेच्यावर होती. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. एका ओळीत वीस-बावीस रेचे, प्रत्येकापुढं एक बाई, तोंडाला फडकं बांधून, ओंजळीनं कापूस टाकत उभी. सगळे रेचे चालू झाले की छपराचे पत्रे थरथरायचे. शेजारणीनं कानाशी येऊन बोंब मारली तरी ऐकू यायचं नाही, आणि फडक्यामुळं ओठही दिसायचे नाहीत.

म्हणून जिनातल्या बाया हातानं बोलायच्या. मिशीला पीळ दिला की मुकादम आला. पोटावरून हात फिरवला की मॅनेजर. कानाची पाळी ओढली की सासू. एवढंच असतं तर त्याला खुणा म्हटलं असतं. पण त्या बाया एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काल घरी झालेलं अख्खं भांडण सांगायच्या, कोणी काय म्हटलं, त्यावर कोणी काय म्हटलं. कापूस टाकता टाकता. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हाच मला कळलं की संध्याकाळी जेवताना मी जे बोलतो ते सकाळी नऊपर्यंत बाविसाव्या रेच्यापर्यंत पोचलेलं असतं. मग मीही शिकलो. घरीसुद्धा आमचं अर्धं बोलणं हातानंच चालायचं. आताही चहा हवा असला की माझा हात आपोआप उठतो. सून विचारते, "बाबा, माशी आहे का?"

आमच्या वस्तीच्या तोंडाशी चाचाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि फळीवर रेडिओ. त्या पावसाळ्यात दर आठवड्याला संध्याकाळी एक श्रुतिका लागायची, चंद्रावर जाणाऱ्या यानाची. यानात तीन पुरुष होते. एक कप्तान, एक डॉक्टर आणि एक यंत्र सांभाळणारा. अख्खी वस्ती त्या दिवशी हॉटेलात. बाया हॉटेलात बसत नव्हत्या. पण हॉटेलच्या मागं, पत्र्याला लागून नळ होता, आणि श्रुतिकेच्या दिवशी माझ्या बायकोची घागर भरायला अर्धा तास लागायचा.

"एवढा वेळ?" मी विचारायचो.

"नळ बारीक येऊन राहिला."

नळ रोज तेवढाच यायचा.

शेवटच्या भागात यान चंद्रावर उतरलं. तिघं तीन दिशांना गेले आणि त्यांचा वायरलेस बिघडला. एकमेकांचं काही ऐकू येईना. तेवढ्यात पृथ्वीवरून आवाज आला, "धीर धरा, मागून दुसरं यान येत आहे." संगीत वाजलं आणि लगेच बाजारभाव सुरू झाले. आम्हाला वाटलं पुढच्या आठवड्यात येईल. पुढच्या आठवड्यात भजनं लागली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही भजनंच. चाचानं रेडिओला दोन थपडा मारल्या तरी भजनंच.

मग हॉटेलात रोज एकच वाद. त्या दुसऱ्या यानात कोण होतं? जो तो आपलं यान सोडायला लागला. चाचा म्हणाला, "दुसरेमें बावर्ची होना. अरे, पहिल्या यानात इतके हप्ते कोई खाया नहीं. एक कप चाय नहीं. इसीलिए भटक गये." आमच्या जिनातल्या बॉयलरवाल्याला वाटायचं की दुसरं यान चुकून मंगळावर गेलं पाहिजे आणि तिथं लढाई व्हायला पाहिजे. नगरपालिकेच्या शाळेचे एक गुरुजी यायचे, ते म्हणायचे की पुढं कशाला जायचं, मागं जावं, कप्तानाच्या बालपणावर वेगळी श्रुतिका निघावी, मुलांवर संस्कार होतील. माझं म्हणणं होतं की यंत्र सांभाळणाऱ्याची सगळी गोष्ट पुन्हा त्याच्या तोंडून सांगावी. कप्तान नुसता हुकूम सोडतो, तेल कोण घालतं?

मी घरी येऊन हे सगळं सांगितलं. ती चुलीपुढं होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "दुसऱ्या यानात बाया हायेत."

"कोनं सांगतलं?"

"सांगाले काहून पायजे? वायरलेस मेला. चंद्रावर हवा नाही, हवा नाही तं आवाज नाही, हे तुमचे गुरुजीच सांगत होते, मी नळावर आयकलं. मंग तिथं बोलीन कोन? ज्याले हातानं बोलता येते तो. म्हंजे आमी. सरकारले अक्कल असन तं जिनातल्या बाया पाठवन."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी तुकडा हातात धरून बसलो आणि मनात म्हटलं, हिनं हॉटेलातल्या सगळ्यांची यानं एका दमात पाडली.

ती तेवढ्यावर थांबणारी नव्हती. म्हणाली, हे लिहायचं आणि रेडिओवाल्यांना पाठवायचं. छप्पन सालानंतर वस्तीत मोठ्या माणसांचा वर्ग निघाला होता, विहाराच्या ओट्यावर. तिथं ती अक्षरं शिकली होती. पण तिचं एक पान लिहून होईपर्यंत चंद्र मावळायचा. म्हणून ती सांगायची आणि मी लिहायचो. जीन पावसाळ्यात बंद. ती दिवसभर लोकांच्या शेतात निंदायला जायची, परत आली की पाय धुऊन वहीपुढं. सांगायची म्हणजे काय, उभी राहून हातानं करून दाखवायची. मी लिहायचो, 'पहिली बाई म्हणते'. ती विचारायची, "काय लिवलं?" मी वाचून दाखवायचो. "एवढं लंबं नाही बोलली ते. खोडा."

दसऱ्याच्या आत वही भरली. वाटलं, गुरुजींना दाखवावं. त्यांनी चार दिवसांनी वही परत दिली ती लाल शाईनं माखून. सगळ्या 'मले'चं 'मला' केलं होतं. बाया आपसात 'अगं सखे' म्हणून बोलत होत्या. आणि यानात एक नवाच माणूस बसवला होता, कप्तानाचा धाकटा भाऊ, बायांचा पुढारी.

"बाया एकट्या कशा जातील?" गुरुजी म्हणाले. "कोणीतरी जबाबदार पुरुष हवा."

बायको दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली. "गुरुजी, तुमी कधी जिनात आलते का?"

"नाही बुवा."

"मंग यानात तुमच्या मानसाचं काय काम हाय?"

गुरुजी चहा न पिता गेले. तिनं मला सगळी वही पुन्हा उतरवून काढायला लावली, जशी होती तशी, आणि कोणाला न दाखवता आम्ही ती टपालात टाकली. हीच आमची चूक झाली. कोणा शहाण्याला दाखवली असती तर त्याच्या ध्यानात आलं असतं.

महिन्यानं पाकीट आलं. आमच्या गल्लीला धड पत्ता नव्हता म्हणून आम्ही चाचाच्या हॉटेलचा दिला होता. मी ते तिथंच, सगळ्यांपुढं, छाती काढून फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. चिठ्ठी सभ्य होती. लिहिलं होतं की कल्पना नवी आहे, पण नाटिकेचा अर्ध्याहून अधिक भाग हातांनी बोलण्याचा आहे, तो रेडिओवर श्रोत्यांना कसा कळावा?

मग बॉयलरवाल्यानं मांडीवर हात मारला आणि सगळी बाकडी हलायला लागली. "रेडिओवर मुक्यायचं नाटक!" चाचा डोळे पुसत म्हणाला, "मियाँ, अगले हप्ते हमारे रेडिओपर नाच भी भेज देना."

शप्पथ सांगतो, मला ते दिसलंच नव्हतं. तिलाही नाही. तिच्यासाठी हातानं बोलणं म्हणजे बोलणंच होतं. मी लिहिताना मला ते ऐकूच येत होतं, तर रेडिओवर ऐकू येणार नाही हे कसं सुचावं?

दोन दिवस नळावर बायांनी टोमणे मारले, तिनं घागर भरली आणि आली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "रेडिओवाल्यायची चूक नाही. रेडिओले डोये नसतात, हे आपल्याले कळाले पायजे होतं. ज्याले डोये हायेत त्याले दाखवू."

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. कापसाच्या पहिल्या बैलबंडीच्या पूजेच्या दिवशी नारळ फुटला की दुपारपर्यंत रेचे बंद असायचे. तिनं मॅनेजरला विचारलं, बाया एक कार्यक्रम करतील, करू का? त्याला वाटलं भजन आहे. हो म्हणाला. तिनं आणखी तीन बाया तयार केल्या होत्या, जेवणाच्या सुटीत शिकवून. सोंगं घ्यायची गरजच नव्हती. तोंडाचं फडकं रोजचंच. आणि चंद्र म्हणून रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, ढीग. गुडघाभर रुईत माणूस सावकाशच चालतो, पाय उचलतो आणि कुठं पडेल ते कळत नाही. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

एकही शब्द न बोलता त्या चौघी चंद्रावर उतरल्या. तीन पुरुष, तेही याच चौघी आळीपाळीनं व्हायच्या, तीन खड्ड्यांत पडले होते आणि ओरडत होते, पण ऐकायला कोणी नाही. बायांनी एकमेकींना हातानं सांगत सांगत त्यांना हुडकलं आणि ओढून काढलं. कप्तान म्हणजे मिशीला पीळ. जिनातल्या बाया एवढ्या हसल्या की दोघी-तिघी सरकीच्या पोत्यांवर लोळल्या. मुकादम पाहत होता, त्याला काही कळलं नाही, तोही हसला.

गुरुजी आले होते. माझ्या शेजारी बसले होते आणि सारखे विचारत होते, "आता काय म्हणाली?"

"म्हणते, कप्तान खड्ड्यात पडला, पन हुकूम सोडनं काही थांबोत नाही."

"आणि आता? आता काय म्हणाली?"

संपल्यावर हळूच मला म्हणाले, "तो भाऊ काढला ते बरं केलं." मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मले येऊन सांगा म्हना." ते काही आले नाहीत.

चाचा मात्र तिच्या समोर येऊन बोलला. "भाभी, घर की बात घरवाले समझे, उसमें क्या बडी बात? ये चार औरतों की गंमत है. अमरावती की जिनवाली औरतों को दिखाव. वो समझे तो मैं मानू."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ती भांडली नाही. तिची मावसबहीण अमरावतीला एका जिनात होती. तिला निरोप धाडला, आणि आमच्या जिनाच्या सुटीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. चौघी बाया, मी आणि चाचा. चाचानं हॉटेल बंद ठेवलं होतं. म्हणाला, गवाह तो होना.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचलो. तिथला मॅनेजर कडक होता. म्हणाला, हंगामात मशीन बंद होणार नाही, करायचं तर चालू मशिनीत तिकडं मागं करा, बाया काम करता करता पाहतील. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय? खरा आवाज, खरा रेचा. पण बायको त्या ओळीकडं पाहत उभी राहिली आणि नाही म्हणाली.

"काहून?" मी विचारलं.

"बायीनं मागं मान वळोली का बोट जाते. माह्या नाटकासाठी कोनाचं बोट जाऊ देनार नाही."

चाचा म्हणाला, "तो फिर वापस?"

"वापस काहून? भोंगा होयेपर्यंत बसू."

दुपारभर आम्ही आवारात कापसाच्या ढिगापाशी बसलो. ती तोंडाचं फडकं बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. मला माहीत होतं तिच्या मनात काय चाललंय. भोंगा झाल्यावर जिनातली बाई थांबत नाही. घरी लेकरू, चूल, पाणी. या बाया थांबल्या नाहीत, किंवा थांबल्या आणि त्यांना कळलं नाही, तर तिचं यान म्हणजे चार बायांची गंमत, चाचा म्हणाला तशी. थांबल्या आणि कळलं, तर ते यान खरं. मधलं काही नव्हतं.

भोंगा झाला. बाया बाहेर पडल्या, भुवयांवर रुई चिकटलेली, काखेत गाठोडी. माझी बायको ढिगावर चढली. तिनं हाक मारली नाही. नुसते हात वर केले आणि बोलायला लागली.

पहिल्या दहा-पंधरा बाया पाहून पुढं गेल्या. मग एक थांबली. ती थांबली म्हणून मागची थांबली. हळूहळू अर्धं आवार भरलं. चौघी चंद्रावर उतरल्या, खड्डे आले, आणि बायकोनं मिशीला पीळ दिला.

कोणी हसलं नाही.

तिनं पुन्हा पीळ दिला. बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. चाचानं माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. बायको ढिगावर तशीच उभी होती, हात अर्धे वर. मग पुढं उभ्या असलेल्या एका बाईनं गाठोडं खाली ठेवलं आणि हातानं विचारलं, 'हा कोण?'

बायकोनं हातानं सांगितलं, 'ज्याला काम येत नाही आणि जो ओरडतो तो.'

त्या बाईनं कपाळावर हात मारला. वळली, दोन्ही हात पाठीशी बांधले, छाती काढली आणि जागच्या जागी चार पावलं टाकली. तो त्यांचा मुकादम. त्याला मिशीच नव्हती! अख्खं आवार फुटलं. बायको एक क्षण पाहत राहिली आणि तिनंही हात पाठीशी बांधले. तिथून पुढं आमचा कप्तान खड्ड्यात पडला तोही हात पाठीशी बांधून, आणि ओढून काढला तोही तसाच. घरी जायला निघालेली एकही बाई हलली नाही. शेवट आला तेव्हा चाचानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मला वाटलं, झालं. पण गर्दीतून एक म्हातारी पुढं आली आणि हातानं बराच वेळ बोलली. तिचे काही हात मला नवे होते, तरी समजलं. ती विचारत होती, 'तुम्ही चौघी गेल्या, तर मागं लेकरं कोणाजवळ ठेवली?'

एवढी वही भरली, पण लेकरांचं माझ्या बायकोच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मग म्हातारीनं आपल्या छातीवर हात ठेवला, आजूबाजूच्या बायांवर फिरवला आणि तीन बोटं वर केली. 'तिसऱ्या यानात आम्ही. लेकरं घेऊन येतो.'

परतीच्या गाडीत चाचा म्हणाला, "भाभी, मान गये." तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती रागात होती.

"माह्या यानाच्या मागं यान लावते म्हने. मले इचारलं पन नाही."

मी म्हटलं, "तू कोनाले इचारलं होतं?"

मूर्तिजापूर गेलं. मग ती त्या तिघी बायांकडं वळली. "लेकरं येऊन राहिली तं पानी लागन. चंद्रावर पानी कुठून आनन ते बुढी?" गाडीचा खडखडाट होता. चौघींचे हात चालू झाले ते अकोला येईपर्यंत थांबले नाहीत.

पुढच्या हंगामात अमरावतीच्या बायांनी तिसरं यान खरंच सोडलं. आम्ही पाहायला गेलो. लोकांना फार आवडलं, मलाही आवडलं. येताना तिनं त्यातल्या सगळ्या चुका सांगितल्या आणि मला लिहून घ्यायला लावल्या, म्हणाली, बुढीले धाडाच्या हायेत, अक्षर चांगलं काढा.